पुंगळी सुटत नाही? .२२ रिव्हॉल्व्हरचे चेंबर घरी साफ करताना

रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडलं, पुंगळ्या ढकलणारा रॉड दाबला, चार पुंगळ्या, म्हणजे बार झालेल्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी, बाहेर पडल्या आणि दोन आतच राहिल्या. मग अंगठ्याचा जोर वाढतो, अंगठ्याने भागलं नाही की तळहात येतो, आणि शेवटी रॉड टेबलाच्या कडेवर ठोकला जातो. वाकलेले रॉड बहुतेक या शेवटच्या ठोक्यानेच वाकलेले असतात. नंतर माणूस म्हणतो, ‘वस्तूच खराब निघाली.’

आपल्या सोलापूर भागात .२२ चं रिव्हॉल्व्हर असणारे बहुधा दोन प्रकारचे. एक म्हणजे वस्तीवर राहणारे, वडिलांच्या माघारी शस्त्र रीतसर आपल्या नावावर करून घेतलेले. दुसरे, नेमबाजीच्या नादाने नव्यानेच परवाना काढलेले. पहिल्यांकडे शस्त्र जुनं असतं आणि माहिती ऐकीव. दुसऱ्यांकडे शस्त्र नवं आणि माहिती मोबाइलवरच्या अमेरिकन व्हिडिओंतली. त्या व्हिडिओंत माणूस सिलिंडर ड्रिल मशीनला लावून घासतो आणि पाच मिनिटांत ‘झालं’ म्हणतो. आपल्याकडे तसं करायचं नाही. त्याला कायद्याचं कारण आहे आणि कामाचंही.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं आणि विकणं याबरोबरच त्याची दुरुस्ती किंवा त्यात बदल करणं यालाही वेगळा परवाना लागतो. तुमच्या हातात आहे तो शस्त्र बाळगण्याचा परवाना. साफसफाई आणि तेलपाणी हे मालकाचं रोजचं काम. धातू खरवडणं, भोक मोठं करणं, कड घासणं ही दुरुस्ती झाली, आणि ती परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे किंवा त्याच्या कारागिराकडेच व्हायला हवी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे असे हात आहेत की अर्धा दशांश मिलिमीटर नुसत्या बोटाने ओळखतील. पण म्हणून सिलिंडर खिशात घालून तिकडे जाऊ नका. त्या बिचाऱ्याकडे परवाना नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीची शिक्षा किमान सात वर्षांपासून सुरू होते. तुमच्या शंभर रुपयांच्या कामापायी त्याचं वर्कशॉप बसेल.

पण खरं सांगायचं तर कारागिराकडे जायची वेळ क्वचितच येते. अडकणाऱ्या चेंबरमागे, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतूस बसायच्या भोकामागे, बहुतेक वेळा घाण असते, धातूचा दोष नसतो. ही घाण कुठं बसते आणि का बसते हे एकदा कळलं की बाकीचं सोपं आहे.

रिमफायरच का अडकतं

मोठ्या बोअरच्या काडतुसात, म्हणजे सेंटरफायरमध्ये, बुडाच्या मधोमध बार पेटवणारी वेगळी टोपी बसवलेली असते. .२२ चं काडतूस मात्र रिमफायर, त्यात वेगळी टोपी नसतेच. पुंगळीच्या बुडाला जी पोकळ कड असते तिच्या आतून मसाला गोल फिरवलेला असतो. घोड्याची पिन त्या कडेवर आपटते, कड चेमटते आणि बार होतो. कड चेमटायची म्हणजे पितळ पातळच ठेवावं लागतं. म्हणून .२२ ची पुंगळी नाजूक असते.

बार होताना आतला दाब चौरस इंचाला २४,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. पातळ पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसतं, त्यामुळे गॅस मागे येत नाही. दाब उतरला की पितळ किंचित आक्रसतं आणि सुटं होतं. हे आक्रसणं केसापेक्षाही कमी. भिंत स्वच्छ आणि गुळगुळीत असेल तर तेवढं पुरतं. भिंतीवर काही बसलेलं असेल तर पुरत नाही.

आणि .२२ मध्ये काहीतरी बसतंच. या काडतुसाची जुनी घडण आहे तशीच चालत आलीय. यातलं लहान काडतूस .२२ शॉर्ट १८५७ चं, लांब ते लाँग रायफल १८८७ चं. गोळीचा आणि पुंगळीचा बाहेरचा व्यास जवळपास एकच, ५.७ मिलिमीटरच्या आसपास. गोळीची टाच तेवढी बारीक करून पुंगळीत बसवलेली असते. त्यामुळे वंगण आत लपवायला जागाच नाही, ते शिशाच्या उघड्या गोळीवर बाहेरून चोपडतात. गोळी हातात घेतली की बोट किंचित मेणचट होतं ते यामुळेच. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, त्या स्पर्धेतही हेच .२२ लाँग रायफल काडतूस चालतं. पण ते लोक काडतूस डबीतून थेट चेंबरमध्ये घालतात. आपल्याकडे ते शर्टाच्या खिशात पडलेलं असतं, सुपारीच्या भुग्याबरोबर. सोलापूरची उन्हाळ्यातली धूळ त्या मेणावर बसते आणि मेणासकट चेंबरमध्ये जाते.

प्रत्येक बाराला थोडं मेण, थोडं शिसं आणि न जळलेली पावडर चेंबरच्या पुढच्या भागात राहते. पुंगळीचं तोंड जिथं संपतं तिथं, म्हणजे मागच्या कडेपासून साधारण १५-१६ मिलिमीटरवर, एक वळं तयार होतं. दुधाच्या पातेल्याला खरवड धरते तसं. सुरुवातीला मऊ असतं, पुढचा बार झाला की भाजतं, आणि पाचपंचवीस बारांनंतर नख लावलं तरी निघत नाही.

शॉर्ट काडतुसं वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. शॉर्टची पुंगळी पावणेअकरा मिलिमीटरच्या आसपास. तिचं वळं चेंबरच्या मधेच बसतं. शॉर्टचा एक डबा उडवून नंतर लाँग रायफल घातलं की लांब पुंगळी थेट त्या वळ्यात घुसते आणि अडकते. जुन्या शस्त्राच्या बाबतीत हे कारण मला वारंवार दिसतं आणि लोकांना ते सुचतच नाही.

आधी रोग ओळखा

शस्त्र रिकामं करा. सगळी चेंबर डोळ्यांनी बघा, मग बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवा. कामाच्या टेबलावर एकही जिवंत काडतूस नको, ‘फक्त बसतंय का बघायला’ म्हणूनसुद्धा नको.

सिलिंडरवर मार्करने एका चेंबरजवळ ठिपका द्या आणि तिथून एक, दोन, तीन अशी मोजणी धरा. आता आठवून बघा, किंवा पुढच्या वेळी रेंजवर लक्ष ठेवा: अडकतं ते घालताना, की काढताना? सगळीच अडकतात, की ठरावीक एखादंच? पहिल्या फेरीपासून, की पन्नासेक बार झाल्यावर?

सुरुवात चांगली आणि हळूहळू सगळी घट्ट, तर घाण. यात शंका घ्यायचं कारण नाही.

सगळी चेंबर स्वच्छ असूनही एकच नेमकं अडतं, तर त्या चेंबरात काहीतरी आहे: गंजाचा खड्डा, ओरखडा किंवा कडेला उठलेला काटा.

काडतूस पूर्ण आत जात नाही, कड थोडी वर राहते, तर दोन शक्यता. एक, पुढचं वळं. दुसरी, स्टारखाली कचरा. स्टार म्हणजे सिलिंडरच्या मागचा तो चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर. त्याच्याखाली पावडरचा एक कण जरी अडकला तरी तो पूर्ण बसत नाही, आणि सिलिंडर फिरताना त्याच्या मागे चौकटीचा जो पत्रा असतो त्याला घासतं. चाप जड लागतो तो त्यामुळे.

आणखी एक खूण. पहिल्या ठोक्याला काडतूस उडत नाही, तेच दुसऱ्या ठोक्याला उडतं. लोक काडतुसाला शिव्या घालतात. पुष्कळदा झालेलं असतं एवढंच की काडतूस पूर्ण बसलेलं नसतं, पहिल्या ठोक्याची ताकद त्याला पुढे ढकलण्यात जाते आणि दुसरा ठोका कड चेमटवतो. चेंबर साफ केलं की हा ‘काडतुसाचा दोष’ निघून जातो. (न उडालेलं काडतूस मात्र लगेच उघडून बघू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. कधी कधी बार उशिरा होतो.)

सामान

फार काही लागत नाही. ब्राँझच्या केसांचा ब्रश हवा, पोलादी नको. .२२ च्या नळीचा ब्रश चेंबरमध्ये थोडा सैल पडतो, कारण चेंबर नळीपेक्षा रुंद असतं. विक्रेत्याकडे चेंबरचा ब्रश किंवा ६ मिलिमीटरचा ब्रश मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर जुन्या .२२ च्या ब्रशला तांब्याच्या घासणीचे दोन-चार धागे गुंडाळा. पण घासणीला आधी चुंबक लावून बघा. भांड्यांच्या दुकानात ‘तांब्याची’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच घासण्या आतून पोलादी असतात आणि वरून नुसता मुलामा. चुंबक चिकटला की ती स्वयंपाकघरात परत पाठवा.

विरघळवायला विक्रेत्याकडचं गन सॉल्व्हंट घ्या. ते नसेल तर पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन किंवा घासलेट चालतं, मेण आणि काजळी दोन्ही सैल करतं. पेट्रोल अजिबात नको. खिडक्या उघड्या, गॅस शेगडी आणि देव्हाऱ्यातली समई लांब. तांब्याची पुटं काढणारी अमोनियाची सॉल्व्हंट .२२ ला लागतच नाहीत, गोळी शिशाची असते. निकेलचा मुलामा असलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला तर अमोनिया घातकच. लाकडी मूठ असेल तर ती काढून बाजूला ठेवा, किंवा निदान तिला सॉल्व्हंट लागू देऊ नका.

कापड. आता आपल्या गावात कापडाला तोटा नाही, पण टेरी टॉवेलचा तुकडा नको. त्याचे फासे सुटतात, ब्रशच्या तारेत अडकतात आणि एखादा धागा स्टारखाली जाऊन बसतो, म्हणजे साफ करायला घेतलं तेच पुन्हा घाण. जुनं धोतर किंवा शंभरदा धुतलेला बनियन, त्याच्या चिंध्या सगळ्यात चांगल्या. पोलिसांच्या शस्त्रागारातले लोक ‘चिंदी’ म्हणतात ती हीच. जुना टूथब्रश, लाकडी काडी आणि चांगला उजेड एवढं झालं की बसा.

टेबलावर जुनी वर्तमानपत्रं जाड घाला. जेवणाचं टेबल नको आणि ओटा तर नकोच. निघणार आहे ते शिसं आहे. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा. रबरी हातमोजे घाला. काम चालू असताना चहा पिऊ नका, तंबाखू मळू नका. आमच्याकडे ही दुसरी सूचना पहिलीपेक्षा जास्त लोकांना द्यावी लागते.

साफ करायला घेऊ

चिंधीचे छोटे तुकडे सॉल्व्हंटमध्ये बुडवून, पिळून, प्रत्येक चेंबरमध्ये बोळ्यासारखे घाला. पुढच्या भागापर्यंत पोचू द्या, कारण घाण तिथंच आहे. आता पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. लोक इथं घाई करतात आणि मग ब्रशने अर्धा तास घासत बसतात. भिजवण्याने निम्मं काम होतं.

तेवढ्या वेळात रॉड दाबून स्टार वर करा आणि कोरड्या टूथब्रशने त्याची खालची बाजू आणि सिलिंडरमधली त्याची बैठक झाडून काढा. इथं तेल ओतू नका. तेल राहिलं की पुढच्या बाराची पावडर त्याला चिकटणार. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्या उन्हाळ्यात जाड ग्रीस किंवा खाद्यतेल वाळून चिकट राळ होते. शेंगदाण्याचं तेल घातलेलं रिव्हॉल्व्हर कधी उघडून बघा, स्टार हलत नाही.

बोळे काढा. ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवा आणि मागून पुढे घाला. ब्रश चेंबरमधून पूर्ण पुढे बाहेर येऊ द्या आणि मगच मागे ओढा. मधेच दिशा बदलली तर केस वाकतात आणि ब्रश निकामी होतो. दहा-पंधरा फेऱ्या, जाताना थोडा पीळ देत. सिलिंडर दुसऱ्या हातात घट्ट धरा. ते उघडं असताना त्याला आधार देणारा जो दांडा असतो, ज्याला क्रेन म्हणतात, त्याच्यावर सगळा जोर येऊ देऊ नका. तो वाकला तर सिलिंडर नळीच्या रेषेत बसत नाही, आणि ते अडकणाऱ्या पुंगळीपेक्षा फार मोठं दुखणं आहे. सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर असेल, बाजूचं दार उघडून एकेक काडतूस घालायचं, तर मधला पिन काढून सिलिंडर सरळ हातात घ्या. ते काम आणखी सोपं.

ब्रशनंतर कोरडी चिंधी. ती काळी येईल. दुसरी, तिसरी. मग बघायचं.

हे बघणं नीट करा. सिलिंडरच्या पुढच्या तोंडासमोर पांढरा कागद धरा, त्या कागदावर मोबाइलचा टॉर्च मारा आणि मागच्या बाजूने चेंबरमध्ये डोळा लावा. थेट टॉर्च आत मारला तर सगळंच चमकतं आणि काहीच दिसत नाही. कागदावरून येणाऱ्या मऊ उजेडात भिंत एकसारखी राखाडी, चकचकीत दिसते आणि पुढे जिथं चेंबर थोडं अरुंद होतं, त्याच्या अलीकडे एक मंद काळपट पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे वळं. त्याची मागची कड कधी कधी धाग्याएवढी उठून आलेली असते आणि तिच्यावर शिशाचे बारीक पापुद्रे चमकतात. लाकडी काडीचं टोक त्यावरून फिरवलं की हाताला ठेच लागते. ही ठेच लागेनाशी होईपर्यंत भिजवणं आणि ब्रश आळीपाळीने चालू ठेवा. वर्षानुवर्षं साचलेलं असेल तर एका बैठकीत निघणार नाही. बोळे रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा घ्या. चाकूचं टोक, पोलादी सुई, स्क्रू ड्रायव्हर यातलं काहीही आत जाता कामा नये. ओरखडा पडला की दर बाराला पितळ त्या ओरखड्यात दाबलं जाणार, आणि ज्यासाठी बसलात तेच कायमचं पदरात पडणार.

सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर प्रत्येक चेंबरभोवती काळं वलय दिसेल. ते घासत बसू नका. त्याने काही अडत नाही, एका फेरीत परत येतं. चकाकीच्या हौसेपोटी लोक तिथला रंग घालवून बसतात.

शेवटी सगळं कोरडं पुसा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चिंधीवर घेऊन चेंबरमधून एकदा फिरवा. पातळ थर राहिला पाहिजे, ओल दिसता कामा नये. आणि हे लक्षात ठेवा: रेंजवर जाण्याआधी चेंबर पुन्हा कोरड्या चिंधीने पुसायचं. ‘तेल घातलं की पुंगळी सटकन निघेल’ हा समज पक्का आहे आणि चुकीचा आहे. तेलकट भिंतीला पुंगळी धरून राहत नाही, त्यामुळे बाराचा धक्का मागच्या पत्र्यावर जास्त येतो. शिवाय तेल हळूहळू कडेतल्या मसाल्यापर्यंत झिरपलं तर काडतूस फुसकं निघू शकतं. गंजलेले बोल्ट सोडवायचे स्प्रे मिळतात, ते तर याबाबतीत आणखी वाईट. ते झिरपायलाच बनवलेले असतात.

वर्तमानपत्रं आणि चिंध्या पिशवीत बांधून टाका. हात आधी गार पाण्याने आणि साबणाने धुवा, मग काय करायचं ते करा.

पुंगळी आत अडकलीय तेव्हा

रिकामी पुंगळी अडकली तर रॉडवर मारामारी नको. बाहेर उघडणाऱ्या सिलिंडरमध्ये रॉड सगळ्या पुंगळ्या एकाच वेळी ढकलतो. सहा असोत, आठ असोत की दहा, प्रत्येकीचं घर्षण त्या एका बारीक रॉडवर. जास्त जोर केला की स्टार पुंगळीच्या कडेवरून घसरतो आणि पुंगळी स्टारच्या खाली जाते. ती काढणं फार किचकट.

त्याऐवजी चेंबरमध्ये पुढून सॉल्व्हंटचे दोन-तीन थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा आणि जाड लाकडी काडीने किंवा पितळेच्या सळईने पुढून एकेक पुंगळी हाताने ढकला. हातानेच. दोन-तीन निघाल्या की बाकीच्यांसाठी रॉड पुरतो. रॉड दाबताना नळी आभाळाकडे करा, म्हणजे पुंगळ्या आणि पावडरचे कण खाली पडतात, स्टारखाली जात नाहीत. रेंजवर हीच एक सवय लावली तरी निम्म्या तक्रारी कमी होतील.

जिवंत काडतूस अडकलं असेल तर वरचं काहीही करू नका. रॉडने हळूच आलं तर ठीक. नाही आलं तर ते काम तुमचं नाही. रिमफायरचा मसाला कडेत असतो, कड कुठेही चेमटली तरी बार होऊ शकतो. अर्धवट बसलेल्या काडतुसावर सिलिंडर जोराने मिटणं, कडेखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं, पुढून गोळीवर सळई ठोकणं, तिन्ही प्रकार जिवाशी खेळ. सिलिंडर उघडं ठेवून, रेंजवर असाल तर तिथल्या अधिकाऱ्याला सांगा. घरी असाल तर विक्रेत्याला फोन करा आणि तो सांगेल तसं करा.

साफ केलं, तरी अडतंय

साफ केल्यावर परीक्षा अधिकृत रेंजवरच. वस्तीवर, शेतात, विहिरीच्या काठावर नाही. दोन वेगवेगळ्या बनावटीची काडतुसं न्या आणि चेंबरच्या क्रमांकाप्रमाणे कागदावर टिपा. काही काडतुसांचं मेण जाड असतं, काहींची पुंगळी किंचित जाड. एखादं रिव्हॉल्व्हर एका कंपनीच्या काडतुसावर रुसतं आणि दुसऱ्याच्या डब्यावर सुरळीत चालतं. मग डबा बदला, शस्त्र नाही.

सिलिंडरवर किंवा नळीवर काय कोरलंय तेही वाचा. .२२ मॅग्नमची पुंगळी वेगळी, जाडीला सहा मिलिमीटरच्या वर. काही रिव्हॉल्व्हरना दोन सिलिंडर मिळतात, एक लाँग रायफलचं आणि एक मॅग्नमचं. मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये लाँग रायफल आरामात बसतं आणि तिथंच फसवणूक होते. बाराला पुंगळी फुगते, चिरते, गॅस मागे येतो, आणि चिरलेलं पितळ भिंतीला धरून बसतं. याला सफाईचा इलाज नाही. योग्य काडतूस हाच इलाज.

आता त्या एका हट्टी चेंबरकडे. मागच्या कडेकडे भिंग घेऊन बघा. पिन जिथं आपटते नेमक्या त्या जागी आत ढकललेला बारीक काटा दिसतोय का? तो रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढत बसण्याने येतो. सेंटरफायरमध्ये पिन टोपीच्या मोकळ्या जागेत जाते. रिमफायरमध्ये मधे काडतुसाची कड नसली तर पिन थेट चेंबरच्या कडेवर पोचू शकते. टीव्ही बघत खटखट करणाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरवर असा काटा हमखास सापडतो. सराव करायचाच असेल तर आपल्या शस्त्राच्या माहितीपुस्तिकेत रिकामं चालवायची परवानगी आहे का ते वाचा, नाहीतर नकली काडतुसं घाला. काटा काढायला कारागिराकडे खास हत्यार असतं. ते धातू कापत नाही, ढकललेला धातू परत जागेवर दाबतं. घरी कानस लावली तर धातू कायमचा जातो आणि काडतुसाच्या कडेचा तिथला आधारच नाहीसा होतो.

गंजाचे खड्डे किंवा कारखान्यातून राहिलेल्या हत्याराच्या रेघा असतील तर कारागीर फिनिशिंग रीमर (भोक आतून नीट कापून गुळगुळीत करणारं हत्यार) किंवा पॉलिश लावतो. फार थोडा धातू, मोजून. किती काढायचा हे त्याला ठरवू द्या, तुम्ही फक्त तुमचा टिपलेला कागद दाखवा: कोणत्या क्रमांकाचं चेंबर, कोणतं काडतूस, घालताना की काढताना. ‘अडकतंय’ एवढंच सांगितलं तर तो सगळी चेंबर घासेल, आणि सैल झालेलं चेंबर परत घट्ट होत नाही.

शस्त्र स्वतः घेऊन गेलात तर मूळ परवाना बरोबर हवा. दुसऱ्याच्या हाती पाठवायचं असेल तर दुरुस्तीसाठी नेत असल्याचं तुमच्या सहीचं लेखी पत्र त्याच्याजवळ हवं, कायद्यात ती सोय आहे. दुकानातून शस्त्राच्या क्रमांकासह पावती घ्या.

ठेवणं, आणि निवडणुकीत जमा करणं

आपल्याकडे शस्त्र जाड चादरीत गुंडाळून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवायची पद्धत आहे. सोलापूरची हवा आठ महिने कोरडी, त्यामुळे ते खपून जातं. पण जून ते सप्टेंबर सुती चादर ओल धरते. चामड्याचं म्यानही तसंच, चामडं कमावतानाची रसायनं पोलादाला बाधतात. चेंबरमधले गंजाचे खड्डे बहुधा अशाच एखाद्या पावसाळ्यात पडतात. कुलपाच्या कपाटात, हलका तेलाचा हात देऊन, जवळ सिलिका जेलची पुडी ठेवून द्या. पुडी पावसाळ्यात बदला.

निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलिसांकडून शस्त्र जमा करायची नोटीस येते. शहरात परवाना पोलीस आयुक्तांचा, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा, जमा मात्र आपापल्या ठाण्यात. नोटीस आली की लोक आहे तसं, बार करून न पुसलेलं शस्त्र नेऊन देतात आणि दोन-तीन महिन्यांनी परत आणतात. तोवर वळं दगड झालेलं असतं आणि त्याच्याखाली ओल बसलेली असते. द्यायच्या आदल्या दिवशी वर सांगितलेली सफाई करा, या वेळी तेलाचा हात नेहमीपेक्षा जरा जड ठेवा, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत आणल्यावर पहिलं काम कागद आणि टॉर्च घेऊन चेंबर बघण्याचं.